एमएस आणि अमिनो आम्लाची गोळी : बरं वाटलं, पण कशामुळे?

"मे महिन्यात पाय ओढत चालत होते. कुणीतरी अमिनो आम्लाच्या गोळ्या सांगितल्या, त्या सुरू केल्या. जुलैमध्ये दोन मजले न थांबता चढले." मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, झालेली माणसं एकमेकांना भेटली की अशा हकीकती निघतातच. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येतं, आपणही घेऊन पाहावी का?

हा लेख त्या प्रश्नाशी अडलेल्यांसाठी आहे. एमएस असलेल्या व्यक्तीसाठी आणि तिच्या घरच्यांसाठीही. गोळी घ्यायची ठरवलीत तर ती सुरक्षितपणे कशी घ्यावी, आणि तीन महिन्यांनी तिचा उपयोग झाला की नाही हे तुमचं तुम्हाला कसं कळावं, ते इथे सांगितलं आहे. बरं वाटल्याचा अनुभव खरा असतो. त्यावर शंका घेण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण तो अनुभव कशामुळे आला हे मात्र वेगळं तपासावं लागतं, आणि घरी एक वही, एक घड्याळ आणि थोडा धीर असेल तर ते बऱ्याच अंशी तपासता येतं.

लंडनमधला एक अनुभव

या विषयातली सर्वांत गाजलेली हकीकत कॅरी लोडर या इंग्लिश बाईंची आहे. त्या लंडनमध्ये शिक्षणशास्त्राच्या क्षेत्रात अध्यापन आणि संशोधन करत. एमएसचं निदान झालेलं होतं. 1994 च्या सुमारास नैराश्यासाठी लोफेप्रामीन नावाचं औषध घेत असताना त्यांना आपल्या हातापायांत अनपेक्षित सुधारणा जाणवली. त्या अनुभवाचा माग काढत त्यांनी तीन गोष्टींची जोडणी केली : लोफेप्रामीन, फेनिलॲलनिन हे अमिनो आम्ल आणि बी-12 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. 1996 मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि ब्रिटनमधले असंख्य रुग्ण आपापल्या डॉक्टरांकडे हाच उपचार मागू लागले.

तिथल्या डॉक्टरांनी ही मागणी झटकून टाकली नाही. 138 रुग्णांवर रीतसर चाचणी झाली आणि 2002 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सगळ्या रुग्णांना दर आठवड्याला बी-12 चं इंजेक्शन दिलं गेलं. निम्म्यांना त्याच्या जोडीला लोफेप्रामीन आणि फेनिलॲलनिन मिळालं, तर निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. 24 आठवड्यांनी काय दिसलं? दोन्ही गटांतल्या रुग्णांची लक्षणं कमी झाली होती. खऱ्या गोळ्यांचं पारडं किंचित जड होतं, पण पुस्तक वाचून लोकांनी जी आशा धरली होती तिच्या मानाने तो फरक फार लहान होता.

या निकालातला महत्त्वाचा भाग बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. रिकाम्या गोळ्या घेणाऱ्यांनाही बरं वाटलं होतं. त्यातल्या एखाद्याला तुम्ही त्या वेळी भेटला असतात, तर त्याने मनापासून सांगितलं असतं, "या गोळ्यांनी मला फरक पडला." तो खोटं बोलला नसता. त्याला फरक पडलाच होता, फक्त तो गोळीमुळे नव्हता.

गोळीत असतं तरी काय?

अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा. डाळ, दूध, अंडी, मासे यांतलं प्रथिन पोटात सुटं होतं आणि त्याच विटांपासून शरीर आपले स्नायू, संप्रेरकं, मेंदूतले रासायनिक निरोप्ये असं सगळं बांधतं. फेनिलॲलनिनपासून टायरोसिन बनतं आणि टायरोसिनपासून डोपामाइन आणि नॉरॲड्रेनॅलिन. उत्साह, लक्ष आणि हालचाल यांच्याशी या दोन्ही रसायनांचा संबंध आहे, म्हणून एमएसच्या थकव्यावर फेनिलॲलनिनचा उपयोग होईल ही कल्पना वेडगळ नव्हती.

पण प्रमाण बघा. त्या चाचणीतला डोस 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे दिवसाला एक ग्रॅम होता. रोज 50-60 ग्रॅम प्रथिन खाणाऱ्या माणसाच्या ताटातूनच साधारण अडीच-तीन ग्रॅम फेनिलॲलनिन पोटात जातं. तेव्हा ज्याचं जेवणच तुटपुंजं आहे, थकव्यामुळे जो चहा-बिस्किटांवर दिवस काढतो, त्याने गोळ्यांच्या डब्याच्या आधी ताटाकडे पाहायला हवं. दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण, एखादी उसळ, दही, आणि चालत असेल तर अंडं किंवा मासळी.

फेनिलॲलनिनशिवाय आणखी दोन नावं तुमच्या कानावर येतील. पहिलं ॲसेटिल-एल-कार्निटिन. कार्निटिन हे शरीर लायसिन आणि मेथिओनिन या अमिनो आम्लांपासून बनवतं. 2004 मध्ये इटलीतल्या 36 रुग्णांच्या एका लहान अभ्यासात थकव्यावर ते अमांटाडिन या औषधापेक्षा बरं ठरलं. मात्र 2012 मध्ये सगळ्या उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा उपयोग होतो असं म्हणण्याइतका पुरावा नाही असा निष्कर्ष निघाला. दुसरं नाव थ्रिओनिनचं, स्नायूंच्या ताठरपणासाठी. 1992 च्या 26 रुग्णांच्या अभ्यासात दिवसाला साडेसात ग्रॅम देऊन पाहिलं. तपासणीत ताठरपणाची चिन्हं थोडी कमी दिसली, पण रुग्णांना स्वतःला काही फरक जाणवला नाही. मोजमापातली सुधारणा आणि जगण्यातली सुधारणा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे यातून लक्षात ठेवावं.

अमिनो आम्लांपासून बनलेलं, एमएसवर खरोखर सिद्ध झालेलं एक औषध मात्र आहे. त्याचं नाव ग्लॅटिरामर. ग्लुटामिक आम्ल, ॲलनिन, लायसिन आणि टायरोसिन या चार अमिनो आम्लांच्या साखळ्यांचं हे इंजेक्शन इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत मायकेल सेला, रूथ आर्नन आणि द्वोरा टाइटेलबाउम यांनी शोधलं. प्राण्यांवरच्या पहिल्या प्रयोगांपासून 1996 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळेपर्यंत जवळपास तीन दशकं गेली. ते रोगाचे झटके कमी करतं, हे शेकडो रुग्णांवर तपासून पाहिलेलं आहे. दुकानातल्या डब्याला या परीक्षेला बसावं लागत नाही. डबा आणि इंजेक्शन यांत फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

बरं वाटण्याची इतर कारणं

गोळी सुरू केल्यावर बरं वाटलं, तर पुढच्या पाच गोष्टी एकेक करून आठवून पाहा.

पहिली, झटक्याचा उतार. एमएस बहुतेकांमध्ये झटक्यांनी येतो. आठवडे-महिने लक्षणं वाढतात आणि मग आपोआप काही प्रमाणात ओसरतात. माणूस नवीन उपाय शोधतो तो सर्वांत वाईट दिवसांत. म्हणजे गोळी सुरू होते तीच मुळी उतार जवळ आलेला असताना.

दुसरी, ऊन. शरीराचं तापमान थोडं जरी वाढलं, तरी मायलिनचं आवरण झिजलेल्या मज्जातंतूंतून संदेश नीट जात नाही. दृष्टी अंधुक होते, पाय जड पडतात. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने 1890 मध्ये हे नोंदवलं आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. नागपूर-अकोल्याचा मे महिना एमएसच्या रुग्णाला काय करतो हे तिथल्या घरांना वेगळं सांगायला नको. आता सुरुवातीची हकीकत पुन्हा वाचा. मे महिन्यात पाय ओढत होते, जुलैमध्ये जिना चढता आला. मध्ये गोळी आली हे खरं, पण मध्ये पाऊसही आला.

तिसरी, बी-12. लंडनच्या जोडणीतला हा भाग आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 441 मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा 67 टक्के जणांत बी-12 कमी आढळलं. या जीवनसत्त्वाच्या अभावानेही पायांना मुंग्या येतात, तोल जातो, थकवा येतो, कधी मज्जारज्जूलाही इजा होते. म्हणजे एमएससारखीच लक्षणं. एमएस असलेल्या शाकाहारी माणसात बी-12सुद्धा कमी असेल, तर दोन्हींची लक्षणं एकमेकांत मिसळतात. अमिनो आम्लाच्या डब्यात बी-12 घातलेलं असेल आणि मुंग्या कमी झाल्या, तर श्रेय कुणाचं? बी-12 ची उणीव भरून काढायला महागडा डबा लागत नाही. साधी रक्तचाचणी आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या बी-12 च्या गोळ्या किंवा इंजेक्शनं पुरतात.

चौथी, मनाची अवस्था. एमएसमध्ये नैराश्य खूप जणांना गाठतं आणि ते थकव्याचा वेश घेऊन येतं. लोडरबाईंच्या जोडणीतली एक गोळी नैराश्याचीच होती. मन उभारी धरतं तेव्हा पायही हलके होतात. मनाचा भाग आहे म्हणून तो खोटा ठरत नाही, त्यावर सरळ उपचार करून घ्यायला हवेत.

पाचवी, आशा आणि शिस्त. नवा उपाय सुरू केला की माणूस वेळेवर झोपतो, व्यायाम पुन्हा धरतो, जेवण सांभाळतो. त्याचा फायदा होतोच, आणि तो गोळी बंद केली तरी टिकवता येतो.

सुरू करण्याआधी

डबा विकत घेण्याआधी एवढ्या गोष्टी करा.

तुमच्या न्यूरॉलॉजिस्टला सांगा. "रागावतील" म्हणून लपवू नका. डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो सोबत न्या. चालू असलेली सगळी औषधं, अगदी आयुर्वेदिक काढे आणि झोपेच्या गोळ्यासुद्धा, एका कागदावर लिहून न्या.

बी-12, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. थकव्याचं सापडण्याजोगं कारण आधी सापडू द्या.

फेनिलॲलनिन कुणी घेऊ नये हे पक्कं लक्षात ठेवा. फेनिलकीटोन्यूरिया हा जन्मजात दोष असलेल्यांना ते विषासारखं आहे. एमएओ हे विकर रोखणारी औषधं घेणाऱ्यांनी ते घेऊ नये, रक्तदाब धोकादायक वाढू शकतो. पार्किन्सनसाठी लेव्होडोपा घेणाऱ्यांमध्ये ते औषधाच्या शोषणात आडवं येतं. मानसिक आजारांची औषधं चालू असतील, रक्तदाब जास्त असेल, गरोदरपण असेल किंवा त्याचा विचार असेल, तर डॉक्टरांच्या स्पष्ट होकाराशिवाय नकोच.

लेबल वाचा. घटकांची यादी जितकी छोटी तितकं चांगलं. एकाच डब्यात पंधरा-वीस गोष्टी असतील तर उपयोग कशाचा आणि त्रास कशाचा, हे कधीच कळणार नाही. "प्रतिकारशक्ती वाढवणारं" असं लिहिलेल्या मिश्रणांपासून विशेष जपा. एमएसमध्ये आपली प्रतिकारशक्तीच आपल्या मायलिनवर उलटलेली असते. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं आहे. एमएसची काही औषधंही यकृतावर ताण आणतात, तेव्हा अशी भर नको. बायोटिनचा मोठा डोस असेल तर रक्त देताना प्रयोगशाळेला सांगा, कारण त्याने थायरॉइड आणि हृदयाच्या ट्रोपोनिन चाचणीचे आकडे चुकू शकतात.

जाहिरातीत "एमएस बरा होतो" असं म्हटलं असेल तर तो डबा तिथेच ठेवा. मज्जासंस्थेचे विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींना आपल्याकडे 1954 च्या कायद्याने बंदी आहे.

"नैसर्गिक आहे, नुकसान तर होणार नाही ना" या विचारालाही थोडा आवर घाला. एएलएस या मज्जातंतूंच्या दुसऱ्या आजारात 1988 मध्ये काही मोजक्या रुग्णांना अमिनो आम्लांच्या मिश्रणाने गुण येतोय असं वाटलं होतं. इटलीत मोठी चाचणी सुरू झाली आणि ती मध्येच थांबवावी लागली, कारण अमिनो आम्लं घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त होत होते. तो आजार वेगळा आणि डोस मोठे होते. तरीही डाळीतली वीट आणि चमचाभर शुद्ध पावडर शरीराला सारखी नसते, एवढं त्यातून घ्यावं.

आणि सर्वांत महत्त्वाचं : एमएसचं मूळ औषध एक दिवसही बंद करू नका. झटके टाळणारी औषधं काम करतात तेव्हा काहीच घडत नाही, म्हणून त्यांचं काम डोळ्यांना दिसत नाही. गोळीने बरं वाटतंय म्हणून इंजेक्शन सोडलं, तर नुकसान नव्या डागांच्या रूपाने एमआरआयवर दिसेल, आणि तोवर उशीर झालेला असेल.

वही कशी ठेवावी

डॉक्टर हो म्हणाले, तर गोळी सुरू करण्याआधी दोन आठवडे फक्त नोंदी करा. याच नोंदींशी पुढची तुलना होणार आहे.

चालणं : घरातल्या पॅसेजमध्ये किंवा गॅलरीत 25 फूट मोजून दोन्ही टोकांना खूण करा. आठवड्यातून दोनदा, त्याच वेळी, त्याच चपलांत, जमेल तितक्या वेगाने पण सुरक्षितपणे ते अंतर चाला आणि सेकंद लिहा. काठी वापरत असाल तर दर वेळी वापरा. न्यूरॉलॉजिस्टही हीच चाचणी वापरतात. वेळेत साधारण 20 टक्के फरक पडला तर तो खरा मानतात. दहा सेकंदांचे आठ झाले तर दखल घ्या, साडेनऊ झाले तर तो रोजचा चढउतार समजा.

हात : एका वाटीतले 20 राजमे एकेक करून दुसऱ्या वाटीत टाका. दोन्ही हातांची वेळ वेगवेगळी लिहा.

थकवा : रोज दुपारी चार वाजता शून्य ते दहा यांत एक आकडा. शून्य म्हणजे ताजंतवानं, दहा म्हणजे पलंगावरून उठवत नाही.

सोबत : झोप किती तास, ऊन कसं होतं, ताप-सर्दी किंवा लघवीला जळजळ होती का, पाळीचे दिवस, औषध चुकलं का. एका ओळीत मावेल एवढंच लिहा, म्हणजे वही टिकेल.

मग गोळी सुरू करा, आणि त्या काळात दुसरं काही नवीन सुरू करू नका. नवा योगवर्ग, नवा आहार, नवा काढा, सगळं थांबू द्या. एका वेळी एकच बदल. शक्य असेल तर सुरुवात मे महिन्यात करू नका, हवा फारशी बदलत नाही अशा महिन्यांत करा. बारा आठवडे ही मुदत आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्याखाली हेही लिहा की कोणती गोष्ट सुधारली तर तुम्ही उपयोग झाला म्हणाल. "बरं वाटावं" असं लिहून चालणार नाही. "संध्याकाळी स्वयंपाक उभ्याने करता यावा", "बसथांब्यापर्यंत न बसता जाता यावं" असं लिहा.

वेळ मोजायला घरातल्या अशा कुणाला सांगा ज्याला गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली हे माहीत नाही. आपल्या माणसाला बरं वाटावं ही घरच्यांची ओढ इतकी असते की घड्याळाचं बटण नकळत लवकर दाबलं जातं.

बारा आठवड्यांनंतर डॉक्टरांशी बोलून चार आठवडे गोळी थांबवा, नोंदी चालू ठेवा. थांबवल्यावर आकडे घसरले आणि पुन्हा सुरू केल्यावर सुधारले, तर तुमच्या अनुभवाला आधार मिळाला. थांबवूनही काही बदललं नाही, तर ते पैसे फिजिओथेरपीच्या फेऱ्यांसाठी किंवा घरात एक चांगला पंखा, कूलर घेण्यासाठी वापरा. त्यांचा उपयोग तुम्हाला त्याच दिवशी कळेल.

गोळी कधी थांबवायची

छातीत धडधड, डोकेदुखी, झोप उडणं, जीव घाबरा होणं, मळमळ, अंगावर पुरळ, लघवी गडद होणं किंवा डोळे पिवळे दिसणं यांतलं काही झालं तर गोळी थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. ताप नसताना एखादं नवीन लक्षण 24 तासांपेक्षा जास्त टिकलं, जसं एका डोळ्याने अंधुक दिसणं, कमरेखाली बधिरपणा, एका बाजूची शक्ती जाणं, तर तो झटका असू शकतो. "गोळीला वेळ देऊ या" म्हणत थांबू नका, त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टला फोन करा. ताप किंवा लघवीचा संसर्ग असेल तर त्यानेही जुनी लक्षणं उफाळतात, त्यामुळे तेही तपासून घ्या.

अनुभव सांगताना, ऐकताना

या आजारात सोबतच्या माणसांचे अनुभव हा मोठा आधार असतो. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या मुंबई-पुण्यातल्या शाखांत भेटणारी माणसं एकमेकांना असं बरंच काही शिकवतात, जे दवाखान्याच्या दहा मिनिटांत सांगायला वेळ नसतो. लघवीच्या घाईवर काय करावं, लोकलमध्ये चढताना काठी कोणत्या हातात धरावी, कामाच्या ठिकाणी कसं सांगावं. तेव्हा अनुभव सांगणं थांबवू नका. फक्त पूर्ण सांगा.

कुणी "मला या गोळ्यांनी फरक पडला" म्हणालं, तर प्रेमाने चार प्रश्न विचारा. कोणत्या महिन्यात सुरू केल्या? त्याआधी झटका आला होता का? त्याच वेळी आणखी काय बदललं? आणि बंद करून पाहिल्या का? ज्यांना उपयोग झाला नाही त्यांनाही बोलतं करा. ते बहुतेक गप्प राहतात, म्हणून आपल्या कानावर फक्त यशाच्याच गोष्टी येतात.

तुमची पाळी आली की असं सांगा : "फेब्रुवारीत सुरू केल्या, 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, बारा आठवडे. बी-12 आधीच भरून घेतलं होतं, एमएसचं इंजेक्शन चालूच होतं. 25 फुटांची वेळ अकरा सेकंद होती, अकराच राहिली. थकव्याचा आकडा सातवरून सहावर आला, गोळ्या थांबवल्यावरही सहाच राहिला. मी आता घेत नाही." या पाच वाक्यांनी समोरच्या माणसाचे पैसे वाचतील, वर्ष वाचेल. आणि कुणाला खरोखरच उपयोग झाला असेल, तर त्याच्या अशाच पाच वाक्यांवर डॉक्टरांनाही गांभीर्याने विचार करावा लागेल.